समुद्र ओलांडलेली रुग्णसेवा : १९३८ चे भारतीय वैद्यकीय पथक आणि आपण



वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची म्हटली की धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर आणि विहार उभा करताना डोक्यावरून विटा वाहिलेल्या ज्येष्ठांवर लेख येतात. ते यायलाच हवेत. यंदा मात्र आम्ही एक वेगळा विषय घेतला आहे. बुद्धपौर्णिमा असो, १४ एप्रिल असो, आपल्या ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यात कुठे ना कुठे मोफत आरोग्य तपासणी शिबिर असतेच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणाऱ्या जनसमुदायासाठी शिवाजी पार्कवर डॉक्टर मंडळी आपणहून तपासणीला बसतात. आपले घर, आपला दवाखाना सोडून रोग्याच्या दारी जाण्याची ही रीत आली कुठून? कोणी कोणी ती पाळली? आणि ती पाळताना काय सोसले? याचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रोग्यापर्यंत पोहोचायला मैल तोडावे लागतात हे खरे. पण मैलांचे अंतर त्या मानाने सोपे. माणसाने माणसात जे अंतर घातले आहे, ते तोडणे त्याहून कठीण असते.

सोपाऱ्याचा दगड

नालासोपारा म्हटले की आपल्याला आठवते ती वेस्टर्न लाइनची गर्दी. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हे गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. प्राचीन काळी त्याचे नाव शूर्पारक. कल्याणसारखेच तेही मोठे बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचेही लोक आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्या सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. गिरनारला जसा चौदा लेखांचा संच दगडावर आहे, तसाच तो सोपाऱ्यातही कोरलेला असला पाहिजे, असे त्यावरून दिसते.

या चौदांपैकी दुसरा लेख आपल्या विषयाचा आहे. त्यात अशोक सांगतो की, आपल्या राज्यात आणि राज्याच्या पलीकडेही माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची व्यवस्था केली आहे. पलीकडे म्हणजे कुठे? तर चोल, पांड्य, केरळपुत्र, ताम्रपर्णी म्हणजे आजची श्रीलंका, आणि पश्चिमेला ग्रीक राजा अंतियोक याच्या मुलखापर्यंत. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या, तेथे त्या नेऊन लावल्या, असेही तो सांगतो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. नुसती औषधाची पुडी पाठवून तो थांबला नाही, औषधाचे झाड लावले. झाड लावले की ते तिथल्या लोकांचे होते. लेखाच्या शेवटी आपण पुन्हा या झाडापाशी येणार आहोत.

अशोकाच्याही आधी, खुद्द तथागतांच्या काळात जीवक नावाचा वैद्य होऊन गेला. तक्षशिलेला सात वर्षे शिकून तो राजगृहाला आला. राजा बिंबिसाराने त्याला परराज्यात, उज्जैनच्या प्रद्योत राजाच्या उपचारासाठी पाठवले होते. विनयातली दुसरी एक गोष्ट तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत लोळत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या प्रसंगीच्या उपदेशाचा अर्थ आहे. तो भिक्खू दूर नव्हता. त्याच विहारात, दहा पावलांवर होता. तरी कुणी गेले नव्हते.

वेशीबाहेरचे अंतर

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पोहोचली. त्या वेळी दोन माणसांनी अंतर तोडले. एक दुरून आला. युक्रेनमधल्या ओडेसा शहरात जन्मलेले, पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम केलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. दुसरे माणूस जवळचे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंढवा ते हडपसर हे काही फार मोठे अंतर नव्हे. पण त्या काळी ते तोडणारे पुण्यात किती निघाले असते, याचा विचार करावा.

याउलट काय घडत होते, तेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या आत्मकथनपर लिखाणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ सालचे पत्र दिले आहे. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी तिला श्वास लागला. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या बड्या माणसाने फीची हमी दिली तेव्हा तो आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. दोन दिवसांच्या बाळंतिणीला उचलून त्याच्यासमोर बाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला. न्यूमोनिया आहे असे लांबूनच सांगून डॉक्टर गेला. पुन्हा बोलावले तेव्हा आला नाही. ती माउली वाचली नाही.

हा डॉक्टर शिकलेला होता, औषध त्याच्यापाशी होते, रोगही त्याने ओळखला होता. अडले होते ते चार पावलांवर. आता पुढचा इतिहास वाचताना हे चित्र नजरेसमोर ठेवा, कारण याच्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी याच देशातून पाच डॉक्टर समुद्र ओलांडून परक्या माणसांच्या जखमा बांधायला निघाले.

चीनची हाक

चीन आपल्याला परका नाही. सातव्या शतकात ह्यूएनत्संग बुद्धाची वचने शोधीत भारतात आला आणि महाराष्ट्रातही येऊन गेला. असे कितीतरी भिक्खू इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले. मधली बरीच शतके ही वाट सुनी पडली. ती पुन्हा उघडली ती मात्र युद्धाने.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड आक्रमण केले. डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथे निरपराध लोकांची भयंकर कत्तल झाली. येथे एक कडू सत्य सांगितले पाहिजे. चीनमध्ये बुद्धाचे अनुयायी होते, तसेच ते जपानमध्येही होते. मुखाने बुद्ध म्हणून हाताने बंदूक चालवता येते, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. म्हणून धम्म आचरणात किती आहे ते पाहावे, असे बाबासाहेब आपल्याला बजावत आले.

चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते नेताजी सुभाषचंद्र बोस. त्यांनी ३० जून रोजी जनतेला आवाहन केले. ७ ते ९ जुलै हे दिवस ‘चीन दिन’ म्हणून पाळून निधी गोळा झाला. सुमारे २२ हजार रुपये जमले. रुग्णवाहिका, औषधे आणि स्वयंसेवक डॉक्टरांचे एक पथक पाठवायचे ठरले.

त्या वर्षाचे चित्र आपल्या वाचकांनी जरा डोळ्यांपुढे आणावे. १० जानेवारी १९३८ ला बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ७ नोव्हेंबरला कामगारांचा मोठा संप झाला. काँग्रेसशी बाबासाहेबांचा झगडा ऐन रंगात होता आणि त्याची कारणे खरी होती. स्वतः गुलाम असलेला आणि घरात अस्पृश्यता पोसणारा देश परक्याच्या मदतीला कसा जातो, असा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला असता तर तो चुकीचा ठरला नसता. पण म्हणून जे गेले त्यांचे मोल कमी होत नाही.

पाच जण

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून ते आलेले. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे दोघे, डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मध्यमवर्गीय घर, भावंडे बरीच. त्यांच्या ऐन तारुण्यात सोलापूरने मार्शल लॉ पाहिला, जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्मे फासावर गेलेले पाहिले. डॉक्टरी ते मुंबईत शिकले, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. म्हणजे आपल्या केईएममध्येच! आपल्यापैकी कितीतरी जणांनी कल्याणहून पहाटेची लोकल पकडून केईएमच्या केसपेपरची रांग धरली आहे. त्याच वास्तूत हा मुलगा शिकला. या कॉलेजला देणगी देणाऱ्यांची अटच होती की इथे भारतीय डॉक्टरच नेमावेत. गोऱ्या सरकारच्या काळात अशी अट घालणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती, घरी पैशांची गरज होती, तेवढ्यात पथकासाठी नावे मागवली गेली. कोटणीसांनी नाव दिले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पाचही जण मुंबईहून निघाले. निरोप द्यायला सरोजिनी नायडू होत्या. सप्टेंबरच्या मध्यात बोट कँटनला लागली. तेथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तिथून चांगशा, हँको, मग चुंगकिंग. जपानी सैन्य मागून येत होते, शहरे पडत होती आणि पथक काम करीत पुढे सरकत होते.

चुंगकिंगला त्यांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ. आपल्याकडे दीक्षा घेतली की नाव बदलते, तसे काहीसे. त्याच सुमारास वडील गेल्याची बातमी सोलापूरहून आली. परत जा, असे सोबत्यांनी सांगितले. घरी आई, भावंडे, ओढगस्त. कोटणीस परतले नाहीत. त्यांचे हे वागणे बरोबर की चूक, यावर आम्ही न्याय देत बसणार नाही. पण सेवेची किंमत सेवा करणारा एकटा भरत नाही, त्याच्या घरची माणसेही भरतात, हे मात्र विसरू नये. आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या घरच्या माउल्यांना हे वेगळे सांगायला नको.

यानन ते गेगुंग

१२ फेब्रुवारी १९३९ ला पथक याननला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात गुहा खोदून लोक राहत होते आणि इस्पितळही अशाच गुहांत होते. आपली कान्हेरीची लेणी पाहिलेल्यांना कल्पना येईल, फक्त तिथे दगड नव्हे, माती होती. मे महिन्यात माओ त्से-तुंग यांनी नेहरूंना पत्र लिहून पथकाबद्दल आभार मानले. त्या वर्षात चोळकर वयोमानामुळे आणि मुखर्जी आजारपणामुळे मायदेशी परतले. उरलेले तिघे वर्षाअखेर आघाडीकडे निघाले. पुढे १९४० मध्ये अटल यांनाही प्रकृतीमुळे परतावे लागले. कोणी आधी परतले, कोणी नंतर. परतलेल्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. पाचही जण आपणहून गेले होते, ही गोष्ट मोठी.

बसू आणि कोटणीस शत्रूच्या पिछाडीच्या प्रदेशात शिरले. हपै प्रांतातील डोंगराळ मुलूख. तेथे त्यांच्याआधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. खेचरांवर शस्त्रक्रियेचे सामान लादून ते आघाडीवर फिरत. हातमोजे न मिळाल्याने उघड्या हातांनी शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, ती चिघळून रक्तात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. जून १९४० मध्ये कोटणीस आणि बसू त्यांच्या समाधीवर गेले. पुढे बसूंना याननला बोलावणे आले. कोटणीस मागे राहिले. पाचांतला एक.

त्या वर्षीच्या लढायांत त्यांनी शेकडो जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाव मोठे, पण हे आपल्या डोळ्यांसमोर येते तसे इस्पितळ नव्हे बरं का. खेड्यातली घरे हेच वॉर्ड. शत्रू जवळ आला की रोग्यांसकट सारे हलवायचे. नाकेबंदीमुळे औषधे मिळत नव्हती.

आणि आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. कोटणीस नुसते रोगी तपासत बसले नाहीत. ते चिनी भाषा शिकले. बोलण्यापुरती नव्हे, वर्गात उभे राहून शिकवण्याइतकी. रुग्णालयाला जोडलेल्या बेथ्यून वैद्यकीय शाळेत खेड्यापाड्यातील पोरांना त्यांनी शस्त्रक्रिया शिकवली आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. दुभाष्यामार्फत रोग्याचे दुखणे कळते, पण दुभाष्यामार्फत डॉक्टर घडवता येत नाहीत. एक डॉक्टर किती जखमा बांधणार? दहा जणांना शिकवले तर ते शंभरांच्या बांधतील, असा तो सरळ हिशेब होता.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या को चिंगलान यांच्याशी २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचे नाव इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. उपचारासाठी दुसरीकडे जा, असा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेगुंग गावात अशाच फिट्समध्ये त्यांचे निधन झाले. वय ३२. बाळ साडेतीन महिन्यांचे.

मागे काय राहिले

एकटे उरलेले डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी कलकत्त्यात रुजवली. द्यायला गेलेला माणूस शिकून परत आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, मने दुरावली. तरीही चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली कोटणीसांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत राहिले. इनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. को चिंगलान यांचे २०१२ साली निधन झाले. त्याच वर्षी सोलापुरात भैय्या चौकातील कोटणीसांच्या घरी त्यांचे स्मारक खुले झाले. सोलापूरला पै-पाहुण्यांकडे जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन ते जरूर पाहावे.

कुणी विचारील, कोटणीस काही बौद्ध नव्हते, आंबेडकरी चळवळीतलेही नव्हते, मग विहाराच्या स्मरणिकेत त्यांच्यावर लेख कशाला? आमचे उत्तर असे. काठेवाडातला डॉक्टर चार पावले चालू शकला नाही. सोलापूरचा डॉक्टर हजारो मैल गेला, परक्यांच्या घरात राहिला, त्यांची भाषा बोलला, त्यांच्यातलाच होऊन मेला. दोघे एकाच देशाचे, एकाच काळाचे, एकच विद्या शिकलेले. फरक विद्येत नव्हता, मैत्रीत होता. मेत्ता आणि करुणा हे शब्द आपण रोज वंदनेनंतर ऐकतो. त्यांचा अर्थ असा प्रत्यक्षात पाहायला मिळाला, तर तो कुणाच्या हातून घडला हे विचारायचे नसते.

आपल्या वस्तीत

आता आपल्याकडे वळू. आम्ही अनेक शिबिरे पाहिली आहेत. मंडप पडतो, बॅनर लागतो, पाहुण्यांचे सत्कार होतात, दुपारपर्यंत दीडदोनशे जणांचे बीपी मोजून होते, पाच दिवसांच्या गोळ्या हातावर पडतात. संध्याकाळी मंडप निघतो. सहाव्या दिवशी ती म्हातारी विचारते, “आता पुढं कुणाकडं जाऊ रं बाबा?” बीपी आणि शुगर हे पाच दिवसांचे आजार नाहीत. शिबिरे करू नयेत असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. कितीतरी जणांचा आजार पहिल्यांदा शिबिरातच कळला आहे. पण शिबिर ही सुरुवात आहे, तिथेच थांबले तर झाड लागत नाही.

हे शक्य आहे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडच्या दुष्काळी भागात जाऊन राहिले. त्यांनी गावागावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हातून गावातली बाळंतपणे होऊ लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. २००५ पासून देशात नेमलेल्या ‘आशा’ ताईंचे काम याच वाटेवरचे आहे. त्यांतल्या काही आपल्याच चाळींतल्या लेकी-सुना आहेत, हे अभिमानाने सांगावेसे वाटते.

बाबासाहेबांच्या पुण्याईने आज आपल्या वस्त्यांतून डॉक्टर झाले, नर्स झाल्या, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट झाले. काही जण परदेशीही गेले. त्यांनी तिथे जरूर नाव काढावे. जे इथे आहेत त्यांच्यासाठी ‘परदेश’ फार लांब नाही. मुरबाड-शहापूरचे आदिवासी पाडे आपल्याच जिल्ह्यात आहेत. कल्याण-भिवंडीच्या आसपास वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामभर येऊन राहतात, त्यांची बोली वेगळी, दवाखान्यात बोलताना ती माणसे दबकतात. एकेकाळी आपली आजी अशीच दबकून उभी राहत होती. त्यांच्यापर्यंत आपल्यातला डॉक्टर गेला नाही, तर काठेवाडच्या त्या डॉक्टरला नावे ठेवण्याचा आपला अधिकार कमी होतो, असे आम्हाला वाटते.

म्हणून या वर्धापनदिनी तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, विहारात तपासणी ठेवायची तर वार आणि वेळ ठरवून ठेवावी, मग डॉक्टर दोनच तास बसला तरी चालेल. तो पुढच्या आठवड्यातही येणार, हे लोकांना ठाऊक असावे. दुसरी, रोग्यांची एक वही ठेवावी, म्हणजे कोण आले नाही ते कळेल आणि त्याच्या घरी जाऊन विचारपूस करता येईल. तिसरी, महिला मंडळातल्या दोन-चार भगिनींना बीपी आणि शुगर मोजायला, औषधाची चिठ्ठी समजून सांगायला डॉक्टरांनी शिकवावे. डॉक्टर बदली होऊन जाईल, भगिनी वस्तीतच राहतील.

खर्च म्हणाल तर एक टेबल, दोन खुर्च्या, बीपीचे आणि शुगरचे मशीन, एक वही. इतके आपल्याकडे आहे किंवा वर्गणीतून होण्यासारखे आहे. बाकी लागते ते सातत्य. ते देणाऱ्यांनी आपली नावे विहाराच्या कार्यकारिणीकडे द्यावीत. वही आम्ही आणून ठेवतो.

नमो बुद्धाय. जयभीम.